मोबाईलवरचं गाऱ्हाणं

पेडण्याजवळच्या चोपड्याच्या देवळात गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचा मान रामचंद्रांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. म्हाताऱ्याचा आवाज बसला आणि मान मुलाकडे, गोकुळदासकडे आला. धाकटा चुलतभाऊ कृष्णनाथ त्याच मानावर टपून होता. "दादाची एक चूक हाताक गावांदी, फुडल्या वर्साक गाऱ्हाणां मियां घालतलंय," असं तो गावभर सांगत फिरे.

रामचंद्रांनी गाऱ्हाण्याची जुनी वही पुढे केली. "रोज एक पान. बोट फिरवन, मोठ्यान वाच."

"वही कित्याक, बाबा? मोबाईलार फोटो घेतलंय."

महिनाभर पेडणे-पणजी बसमध्ये गोकुळदासने गाऱ्हाणं अंगठ्याने वर-खाली सरकवलं. आपल्याला पाठ झालं, असं त्याला वाटे. मोबाईल खिशात गेला की पाठ झालेलंही खिशात जाई.

जत्रेला अख्ख्या गावापुढे त्याला पहिली ओळ आठवली, दुसरीने दगा दिला. त्याने नारळाआड मोबाईल धरला आणि अर्थाच्या भानगडीत न पडता दिसेल ते वाचायला सुरुवात केली.

"बा म्हाराजा, गुराढोरांची, पोराबाळांची राखण कर!"

"व्हय म्हाराजा!" गाव गरजला.

तेवढ्यात अक्षरांवर बायकोचा, शेवंतीचा, निरोप येऊन बसला. गोकुळदासने तोही त्याच चालीत वाचला. "येताना डझनभर पाव हाडा! कृष्णनाथ भावोजींक घरात घेव नकात, बडबडून डोक्या खातत!"

"व्हय म्हाराजा!"

गोकुळदासला दरदरून घाम फुटला. पण कुणी वळूनही पाहिलं नाही. अर्धे लोक व्हिडिओ काढत होते, उरलेले काढलेला बघत होते. नारळ फुटला, प्रसाद वाटला. थोडक्यात निभावलं म्हणत तो घरी आला.

दुपारी अंगणात कृष्णनाथ उभा. हातात पावांची पिशवी. गोकुळदास लगबगीने पुढे झाला.

"तू आयकलंस?"

"आयकलंय. माझो मोबाईल बटणांचो, दादा. आयकल्याशिवाय करतलंय काय?"

"मगे आता मान तुका..."

"नको. तुझी चूक गावाक सांगूक गेलंय तर वयनी माका काय म्हणता ता सांगूचा लागतला."

गोकुळदासला मनापासून शरम वाटली. इतक्यात आवाज ऐकून शेवंती बाहेर आली. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तोंडभर हसून ती म्हणाली, "भावोजी, भायर कित्याक उबे? आत येवा, च्या टाकतंय."

कृष्णनाथने पिशवी तिच्या हातात दिली आणि एक पाऊल मागे सरला.

"येव शकणंय नाय, वयनी. देवासमोर सगळ्यांत मोठ्यान 'व्हय' मियांच म्हटलंय."