अध्यक्षांच्या तलावातली मरळ

"मरळ आणा," कुंता म्हणाली. "जिती."

केवळरामाने ओसरीवर बसल्या बसल्या डोळे मिटले. लेक आचल बाळंत होऊन माहेरी निजली होती. तिच्या अंगावर दूध उतरत नव्हतं आणि आत तान्हं असं रडत होतं की छपरावरच्या चिमण्याही ओशाळून उडून गेल्या होत्या. ढिवराच्या घरची रीत साधी आहे. बाळंतिणीला मरळीचा रस्सा द्यायचा, आणि मरळ घरी जिवंत यायला हवी. मेलेल्या मासोळीला चव असते, ताकद नसते. त्यात उद्या वडशाहून विहीणबाई नातू पाहायला येणार होत्या.

"रोहू आणू का एखादी?"

"रोहू पाहुण्याले चालते. बाळंतिणीले नाई."

"आपल्या तलावात मरळ नाई, कुंता."

"काऊन नाई?"

काऊन नाही, हे कुंताला माहीत होतं. साऱ्या गावाला माहीत होतं. केवळराम मच्छिमार सोसायटीचा अध्यक्ष होता. सोसायटीने तलावात रोहू-कतल्याचं बीज सोडलं तेव्हा पाळीवर, तलावाच्या बांधावर, पालथ्या डोंग्यावर उभा राहून तो बोलला होता. मरळ आपलं बीज खाते, मरळ म्हणजे घरातला चोर, एकही ठेवू नका. गावाने जाळी ओढली, मरळी निघाल्या, खाल्ल्या गेल्या. टाळ्या मिळाल्या. टाळ्यांची चव लागलेला केवळराम मग गावोगाव तेच सांगत हिंडला, पार उत्तरेला कोरचीच्या जंगलापर्यंत.

आता त्याच कोरचीच्या जंगलात, हातभर रुंदीच्या पायवाटेने तो मोटरसायकल ढकलत चालला होता. हँडलला बादली, पाठीला गळ. जंगलात लहान लहान बोड्या होत्या, कुणी विसरून ठेवलेल्या तळ्यांसारख्या. पाण्यावर कमळाची पानं, पानावर एक पाणकोंबडी, आणि तिच्याशी बोलायला कोणी नाही. केवळरामाने गळाला बेडूक लावला नि पाण्यात सोडला. पाणी हललं नाही. ऊन डोक्यावर आलं तरी हललं नाही.

बोडीच्या गावातला कोलू आला आणि शेजारी उकिडवा बसला.

"काय धरून राह्यला, भाऊ?"

"मरळ."

"इथी नाई."

"काऊन?"

"तूच तं येऊन सांगतलं. गावानं आयकलं."

"पूर्णच काढल्या?"

"तू म्हणला, एकही ठेवू नका."

"लोकं इतकं कोणाचं आयकत नाई, कोलूभाऊ."

"तू लय बेस बोलला होता," कोलू हळहळला.

केवळरामाचा चेहरा पाहून कोलूला दया आली. त्याने त्याला आणखी आत, वाट संपते त्याच्या पलीकडच्या बोडीवर नेलं. "इथी भाषण नोको देजो," तेवढं बजावलं. तिथे गळ पडला न पडला तोच दोरी ताणली आणि हाताएवढी काळीशार मरळ काठावर आपटू लागली. केवळरामाचे डोळे भरून आले. बादलीत पाणी, पाण्यात मरळ, तोंडावर ओलं पोतं. वाटेत प्रत्येक नाल्यावर थांबून त्याने तिच्यावर ओंजळीने पाणी शिंपलं. "थोडी दम धर, बाई. आपलंच घर हाय," असं तिला समजावत तो आला.

गावाजवळ पोचला तेव्हा बादलीतलं पाणी कोमट झालं होतं. मरळ वर येऊन तोंड वासत होती. घर दिसत होतं, पण घरापर्यंत ही टिकते की नाही? सोसायटीच्या तलावाच्या पाळीवरून उतरून केवळरामाने पोतं सोडलं, बादली कलती केली, जुनं पाणी ओतलं, आणि नवं घ्यायला वाकला.

मरळीने एकदा अंग वळवलं. उन्हात तिचं पांढरं पोट चांदीसारखं झळकलं आणि ती तलावात गेली.

पाणी मिटलं. याच पाण्यात परवाच नवं बीज सोडलेलं. अध्यक्षांनी आपल्या हाताने त्यात चोर सोडला होता.

त्याने घाईने गळ टाकला. तेवढ्यात सोसायटीचा सचिव लच्छू पाळीवर आला.

"काय धरून राह्यले, अध्यक्ष?"

"काई नाई."

"मंग गळाले बेडूक काऊन?"

रोहूला पिठाची गोळी लागते. बेडूक फक्त मरळीसाठी, हे ढिवराचं शेंबडं पोरही सांगेल.

"बेडकाले पाणी दाखवून राह्यलो," केवळराम म्हणाला.

लच्छूने बेडकाकडे पाहिलं, रिकाम्या बादलीकडे पाहिलं, अध्यक्षांच्या तोंडाकडे पाहिलं आणि निघून गेला. मग सोसायटीतला झिंगू आला, बघून गेला. मग आणखी चौघे. कुणी काही विचारलं नाही, हे विचारण्याहून वाईट होतं. दिवस मावळला तरी दोरी हलली नाही. अध्यक्षपद गेलं, हे तो धरूनच चालला. ते जाऊ दे. पण उद्या विहीणबाई लेकीच्या ताटात नुसतं वरण पाहतील, आणि नातवाचं रडणं ऐकतील.

घरी येऊन तो सैपाकघरात दाराआडच्या अंधारात बसला. आत बाळ रडून रडून थकलं होतं.

मागच्या दाराची कडी वाजली. लच्छूची बायको पदराखाली पाण्याचा डबा घेऊन उभी होती.

"कुंताबाई, आमच्या विहिरीतली हाय. आमच्या पायलच्या बाळंतपणासाठी ठेवली होती. तुमच्या आचलले आज गरज हाय. पण अध्यक्षाले नोको सांगजो, बाप्पा."

ती गेली तर झिंगूची आई आली. "गोठ्यामागच्या टाक्यातली हाय वं. तुह्या मालकाले कळू नोको देजो."

मग वीटभट्टीच्या खड्ड्यातली आली. मग कुणाच्या पडक्या विहिरीतली. घंगाळ भरलं. मरळी एकमेकींवर लोळू लागल्या. जिच्या जिच्या घरी लेक होती, तिने तिने एक लपवून ठेवली होती.

केवळराम दाराआडून हलक्या आवाजात म्हणाला, "कुंता, आपणच काऊन नाई ठेवली एखादी?"

मासोळी निसटू नये म्हणून कुंता राखेने हात चोळत होती. "आपल्या घरी अध्यक्ष राहाते," ती म्हणाली आणि विळी घेऊन बसली.

पुन्हा कडी वाजली. केवळराम उठला आणि येणारीला संकोच नको म्हणून आपणच दाराआड आणखी आत सरकून उभा राहिला.