महिला पुतळा, एक नग

सकाळी साडेनऊ वाजता मेडशीजवळच्या नव्या नर्सिंग शाळेत खोका उघडला आणि आतून लिपस्टिक लावलेली, कंबरेवर हात ठेवलेली बाई निघाली. तपासणी बारा वाजता होती.

शाळेला हवी असलेली बाई वेगळी होती. खाटेवर पडून राहणारी, जिच्या दंडात सुई टोचता येते, उघड्या तोंडातून नळी घालता येते आणि पोटाचं झाकण काढून आतले अवयव दाखवता येतात, अशी. जिल्ह्यात परिचारिका कमी, म्हणून सरकारनं शाळेला निधी दिला. इमारत झाली, खाटा आल्या, पहिल्या वर्गाच्या मुलीही आल्या. पण सरावाचा पुतळा नसेल तर मान्यता नाही, आणि मान्यता नसेल तर मुली घरी. त्यांतल्या रीतासाठी घरी म्हणजे ऊसतोडीला. बंजारा तांड्यावरचे तिचे आईवडील दर दिवाळीनंतर कारखान्यावर जात. यंदा तिच्या आईनं, गोमतीबाईंनी, मुकादमाला तोंडावर सांगून टाकलं होतं, "पोरगी येनार नाई. पोरगी शिष्टर होऊन राह्यली."

शिक्षिका चेतना मॅडमनी खोक्यावरचा मजकूर पुन्हा वाचला. 'महिला पुतळा, एक नग.' त्यात चूक काहीच नव्हती. त्यांनी कारंज्याला फोन लावला. नागपूरचा ट्रक कारंज्यापर्यंतच येई, म्हणून शाळेचं सामान कैलासचंद यांच्या साडीच्या दुकानात उतरत असे.

"काकाजी, तुमच्याकडे खोके किती आले होते?"

"दोन, बेटा. एक तुह्या शाळेचा, एक माह्या दुकानचा. दोन्हीवर एकच लिहेल होतं. आता, आलेला माल दारात बंद ठेवत नाई आपण. वडलांपासूनची रीत हाये. कुंकू लावलं, पयला हाती आला तो फोडला, दुसरा तुमाले पाठवला."

"आणि पहिल्यातला पुतळा?"

"शोकेसमधी. उभाच नाई राहे. मी म्हटलं नवं मॉडेल असंन, सोफ्यावर बसोला. लगीनसराईचा शालू नेसोला."

"तिचं तोंड उघडं आहे ना?"

"हाये ना! मले वाटलं, भाव ऐकून गिऱ्हाईक चकित झालं, असं दाखोलं कंपनीनं. मी भावाची चिठ्ठी तिच्या बाजूलेच लावली."

"काकाजी, ती पेशंट आहे."

"चांगली चालून राह्यली होती, बेटा," कैलासचंद खिन्नपणे म्हणाले. "बरं. पारसले गाडी घेऊन धाडतो."

पारस म्हणजे त्यांचा मुलगा. तो निघाला, पण तपासणी अधिकारी वेळेआधी निघाल्या होत्या. जवळचं मालेगाव सोडल्याचा त्यांचा फोन आला, तेव्हा लिपस्टिकवाल्या बाईला खाटेवर झोपवण्याची खटपट चालू होती. तिचा कंबरेवरचा हात खाली येईना. टाचा उंचावलेल्या होत्या, त्या टेकेनात. चादर टाकली की खाटेवर तंबू उभा राही.

गोमतीबाई त्याच सकाळी भाकरी-ठेचा घेऊन आल्या होत्या, तपासणी म्हणजे काय असते ते पाहायला. त्या दाराशी उभ्या राहून सगळं पाहत होत्या.

"नुसतं पडूनच राहायचं हाये ना?" त्यांनी विचारलं.

"मावशी, ते जमायचं नाही," चेतना मॅडम म्हणाल्या.

"काहून? ऊस तोडतो आमी. पडून राहाले का ताकद लागते?"

"याडी, नको," रीता म्हणाली. आईला ती तांड्याच्या बोलीत याडी म्हणे.

"तू चूप बस. तुह्या शाळेचा सवाल हाये."

बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला आणि चर्चा संपली. गोमतीबाई डोळे मिटून खाटेवर पडल्या: डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, गळ्यापर्यंत चादर. लिपस्टिकवाली बाई कपाटामागे गेली.

अधिकारी रंजीता मॅडमची अर्धी नोकरी वॉर्डात गेली होती. त्यांनी खाटा पाहिल्या, नळ सोडून पाहिले. मग त्या पुतळ्याजवळ आल्या.

"हिला मास्क कशाला?"

"धूळ जाते, मॅडम," चेतना मॅडम म्हणाल्या.

"बरं. ही मुलगी काय शिकली ते बघू. बीपी घेऊन दाखव."

रीतानं चादरीखालून हात काढला, दंडाला पट्टा गुंडाळला, स्टेथोस्कोप लावला, हवा भरली आणि हळूहळू सोडली. मग पुन्हा भरली. दुसऱ्यांदा सोडताना तिचा चेहरा उतरला.

"किती?" रंजीता मॅडमनी विचारलं.

चेतना मॅडम मागून बोटांनी एकशेवीस दाखवत होत्या.

"एकशे नव्वद, मॅडम. खालचं एकशे दहा."

"पुतळ्याचं?"

रीतानं एकदा दाराकडे पाहिलं, एकदा खाटेकडे.

"पुतळा नाई, मॅडम. माही याडी हाये. आई. तिचं बीपी लय वाढलं."

"काहून सांगतं वो पोरी!" मास्कमधून आवाज आला. "मी पुतळाच हाओ!"

रंजीता मॅडमनी मास्क काढला, स्वतःचा स्टेथोस्कोप लावला आणि तिसऱ्यांदा बीपी घेतलं. आकडा तोच आला.

"चक्कर येते?"

"उन्हात येते. उन्हात कोनाले नाई येत?"

"याआधी बीपी कोणी तपासलं?"

"कोन तपासनार? तांड्याजवळच्या दवाखान्यातली शिष्टर बदलून गेली, तवापासून कुलूपच हाये. नवी येतच नाई."

रंजीता मॅडम काही बोलणार, तेवढ्यात शालू नेसलेली, तोंड उघडं असलेली नवरी खांद्यावर टाकून पारस आत आला. "घ्या, मॅडम, तुमची बाई. शालू वापस लागन म्हणते बाबुजी."

धक्का लागून कपाटामागची बाई कंबरेवर हात ठेवून बाहेर सरकली. रंजीता मॅडमनी तिघींकडे आळीपाळीनं पाहिलं. मग नवरीला शेजारच्या खाटेवर झोपवून तिच्या पोटाचं झाकण उघडलं. आतून ब्लाउजपीस निघाले. एकामागून एक, सगळे मॅचिंग.

"अवयव कुठे आहेत?"

"दुकानात असतीन," पारस म्हणाला. "बाबुजीनं जागा रिकामी करून घेतली."

चेतना मॅडम खाली बसल्या. रंजीता मॅडमही शेजारच्या स्टुलावर बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "पुतळा खोटा ठेवलात, ते मी लिहिणार," त्या म्हणाल्या. "पण मुलीनं आकडा खरा सांगितला, तेही लिहिणार." गोमतीबाईंना त्यांनी आपल्याच जीपमधून मालेगावच्या दवाखान्यात नेलं. वाटभर गोमतीबाई एकच विचारत होत्या, "मंग आमी पास झालो का?"

शेवटची माहिती हाती आली तेव्हा गोमतीबाईंचं बीपी गोळ्यांनी एकशेचाळीसवर आलं होतं. दर शनिवारी शाळेत येऊन बीपी मोजायला दंड पुढे करताना त्या अजूनही सवयीनं डोळे मिटून पडतात. शाळेच्या मान्यतेचा निर्णय व्हायचा आहे. हृदय, फुप्फुसं आणि आतडी कारंज्याहून परत आली आहेत. यकृताचा शोध दुकानात चालू आहे.