बिनभुशाची लादी

आमच्या ठाकुर्लीच्या सोसायटीतले साटमकाका कुणाच्याही घरी गेले की आधी फ्रिजपाशी जातात. दार उघडतात, रबरावरून बोट फिरवतात आणि यजमानाला झापतात, "रबर गेलंय. गारवा फुकट घालवताय." सत्यनारायणाला आले तेव्हा माझ्या नव्याकोऱ्या फ्रिजलाही त्यांनी नावं ठेवली. मला इतका संताप आला की प्रसादाचा द्रोण मी त्यांच्यापुढे जवळजवळ आदळलाच.

काकांची उभी हयात मानपाड्याकडच्या एका बर्फाच्या कारखान्यात गेली. लादीला लाकडाचा भुसा थापायचा, वर ओलं गोणपाट घट्ट गुंडाळायचं, की भर मे महिन्यात ती शीळफाट्याच्या पलीकडेही शाबूत पोचायची. "माझ्या हातची लादी कधी पाझरली नाही," हे आम्ही दिवसातून दोनदा ऐकतो.

अशा माणसाची मुलगी शलाका चित्रकार झाली आणि थेट उत्तर ध्रुवाकडे गेली. तिथला बर्फ वितळतोय हे जगाला दिसावं म्हणून तिथेच कलाकृती करायला. काका भडकले. "बाप जन्मभर बर्फ राखत बसला, आणि ही तो वितळताना दाखवणार. वर लोक टाळ्या वाजवणार." त्यांनी तिचे फोन घेणं बंद केलं. आठ महिने.

एकुलती एक पोर, काकू हयात नाहीत, आणि ह्यांचा हा हेका. माझंही डोकं फिरलेलं. परवा ते पुन्हा आमचं रबर तपासायला आले, तेव्हा फ्रिजच्या उघड्या दारातच मी त्यांच्या नाकासमोर मोबाइल धरला. शलाकानं मला पाठवलेला व्हिडिओ होता.

समुद्राकाठी हिमनगाचा एक तुकडा, आणि ती त्याला गोणपाट गुंडाळत होती. कोपरे दुमडून, काका दुमडायचे तसे. खाली कलाकृतीचं नाव होतं, 'लादी'.

काका बघत राहिले. मग ओरडले, "भुसा कुठाय? नुसतं गोणपाट? अर्ध्या दिवसात पाणी होईल त्याचं. लाव तिला फोन."

मी स्पीकरवर लावला.

"भुसा का नाही घातलास?" आठ महिन्यांनी हे पहिलं वाक्य.

"इथे झाडंच नाहीत, बाबा. भुसा कुठून आणू?"

"मग मला विचारायचंस."

"तुम्ही फोन उचलत होतात?"

काकांनी रबरावरून उगाच बोट फिरवलं. मग म्हणाले, "कानटोपी घातलीयस ना?"

फ्रिजचं दार मघापासून सताड उघडं होतं. काकांनी ते लावलं नाही.