टिकली लावलेले रेग्युलेटर

आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये नऊ घरं, आणि नऊही घरांच्या गॅसच्या रेग्युलेटरला टिकली असायची. मरून रंगाची, गोल. पाहुणे विचारायचे, ही कसली पूजा? आम्ही तळमजल्यावरच्या म्हात्रेकाकांकडे बोट दाखवायचो.

काकांचा जन्म एमआयडीसीतल्या एका कारखान्यात गेला. तिथे हवेच्या लाइनवर बसवायचे मुठीएवढे रेग्युलेटर बनत आणि काका टेस्टिंगला होते. रेग्युलेटरमध्ये हवा भरायची, पाण्यात बुडवायचा, बुडबुडा आला नाही की त्यावर रंगाचा ठिपका द्यायचा. ते रिटायर झाले, त्याच वर्षी काकू गेल्या, आणि काका दर शनिवारी सकाळी दाढीचा ब्रश व साबणाचं पाणी घेऊन आमच्या स्वयंपाकघरांत शिरू लागले.

रेग्युलेटरला फेस फासायचा, चष्मा कपाळावर सरकवून मिनिटभर रोखून बघायचं. "फुगा नाही. पास." मग खिशातल्या पाकिटातली टिकली. मग चहा. "माणूस असो की लाइन, प्रेशर बेताचं पाहिजे, वहिनी," असं ते आईला सांगायचे, तेव्हा आमच्या कुकरची चौथी शिट्टी होत असे. माझ्या लग्नात आलेला थर्मासही त्यांनी बादलीत बुडवून पास केला होता.

यंदा पाइपचा गॅस आला. सिलिंडरबरोबर रेग्युलेटर परत गेले, टिकल्यांसकट. पुढच्या शनिवारी काका आलेच नाहीत. आईने टाकलेला चहा निवला, तसा मी खाली गेलो. काका कोरडा ब्रश हातात घेऊन बसले होते.

"आता काय तपासणार रे? माझं काम संपलं."

मला फार वाईट वाटलं. "काका, मीटरजवळ एक रेग्युलेटर बसवलाय. आईला त्याची धास्ती वाटते." आईला कसलीच धास्ती नव्हती.

"केवढा आहे?"

"मुठीएवढा."

काका चप्पल न घालताच जिना चढले. फेस, चष्मा, मिनिटभर रोखून बघणं. "पास." त्यांनी टिकली लावली.

आई कप पुढे करत म्हणाली, "टिकल्या संपत आल्या असतील ना, भाऊजी? मी आणते बाजारातून."

"नको, वहिनी. हिने डझनभर पाकिटं आणून ठेवलेली." काकांनी चहावर फुंकर घातली. "घरात नुसती पडून होती. कुणाला तरी लावायला नकोत का?"

आईने त्यांचा कप पुन्हा भरला. बाकीची आठ घरं जरा थांबणार होती.