‘रादर’ म्हणजे किती?

कट्टा गावच्या बसथांब्यासमोरच्या खोलीत खुर्च्या दोन, भिंगे तीन (पैकी एक तडकलेले), इंग्रजी शब्दकोश एक आणि दाजी एक. १९५८ च्या मार्चपर्यंत गिऱ्हाइके शून्य. बाहेर पाटी: ‘गुप्त शोधांचे जाहीर कार्यालय’.

दाजी म्हणत, “माझ्या नजरेतून माशीदेखील सुटत नाही, सदानंदा!” तेव्हा त्यांच्या चहात दोन होत्या. मी त्यांचा मदतनीस, बी.एस्सी. असल्यामुळे मोजल्या.

पहिले गिऱ्हाईक म्हणून धामापूरची अक्का आली, सोबत धाकटी बहीण जानकी. जानकीला आठ दिवसांपूर्वी कोल्हापूरची मंडळी पाहून गेली होती. मुलगा तिला मनापासून आवडला होता. आता मुलाच्या हेडक्लार्क मामांचे पत्र आले होते: ‘मुलगी सुस्वभावी, पण रादर टॉल. मुलगा पाच फूट चार. रविवारी निर्णय कळवू.’

“दाजीनू, ह्या रादर म्हणजे किती?” अक्काने विचारले.

दाजींनी कोश उघडला. “मूळ अर्थ, ‘अधिक लवकर, आधी’. उलगडलं! मुलगी आधी उंच होती. आता आखडली.”

“आठ दिवसांत?” मी विचारले.

“काळजीने. थांब, दुसरा अर्थ, ‘त्यापेक्षा हे बरे’. म्हणजे उंच तीच बरी! पेढे वाटा!”

“मगे ‘पण’ कित्याक लिवल्यान?” अक्का म्हणाली.

“मग वापर बघायला हवा. इंग्रज घर जळत असलं तरी म्हणतो, रादर गरम आहे. म्हणजे मामांनी बरंच दडवलंय. मुलगी सात फूट असणार!”

जानकी समोरच उभी होती. दाजींनी तिला भिंगातून न्याहाळले. “साडेसात.”

जानकीच्या डोळ्यांत पाणी आले. मी शेजारच्या शिंप्याकडून टेप आणली. पाच फूट अडीच इंच.

“मग मामांना उंच का दिसली?” मी म्हणालो.

“ओटीखाली भुयार आहे,” दाजी म्हणाले. “मुलगा त्यात खचला.”

“मी पाटार उभी होतंय,” जानकी म्हणाली. “अर्धी ओटी नुकतीच सारवलेली, ओली होती. चाय घेऊन इलंय तर पाय उठतले म्हणान अक्कान पाट घातल्यान. साडयेखाली कोणाक दिसलो नाय.”

“आधी का नाही सांगितलंस?” मी विचारले.

“माका कोणी इचारल्यान?”

संध्याकाळी धामापूरला जाऊन मी पाट मोजला: साडेतीन इंच. सगळे आकडे मामांना लिहून पाठवले. दाजींनी खाली सही ठोकली: ‘रहस्यभेद: मी’.

वैशाखात लग्न लागले. अंतरपाट दूर झाला तेव्हा दोघेही सारख्याच पाटांवर उभे होते. नवरा दीड इंचाने उंच होता.