चार बोटं पाणी

पाणी: शून्य

गळतीच्या बाबतीत गच्चीवाल्याशी वाद घालायचा नाही. असं गच्चीवालाच म्हणायचा. चोवीस वर्षं तो लोकांच्या गच्च्या गळायच्या थांबवत होता आणि एकाही घरमालकाने त्याला दुसऱ्यांदा फोन केला नव्हता. (त्याची बायको म्हणायची, फोन न करण्याची कारणं दोन असू शकतात.)

सासऱ्यांच्या जुन्या मोटारीचा तळ इतका सडला होता, की मागे बसणाऱ्याला पायांखालून रस्ता दिसायचा. मेहुणा वेल्डर. त्याने नवे पत्रे कापून जोडले. पण वेल्डिंग कितीही चांगलं असलं तरी जोडांतून पाणी वाट काढतंच. तिथे सीलर भरावा लागतो. ते काम सासऱ्यांनी जावयाला सांगितलं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती आणि त्यांनी त्याला सांगितलेलं हे पहिलंच काम.

"रविवारी दहाला भंगारवाला येतोय," सासरे म्हणाले. "तळ गळला किंवा त्यात एक जरी भोक दिसलं, तर गाडी त्याच्या ट्रकवर. नाहीतर राहील."

"बाबा, तुम्ही निवांत राहा," गच्चीवाला म्हणाला. इथूनच सगळं बिघडलं.

पाणी: अजून शून्यच, पण पाइप जोडलाय

सीलर त्याने मनापासून भरला. जोड भरले, जोडांचे शेजारीपाजारी भरले. तळाला चार गोल भोकं होती, तीही बुजवली. भोक दिसलं की त्याचा हात आपोआप पुढे जातो, जसा इतरांचा डास चावला की जातो.

"झकास झालंय, भावजी," मेहुणा शनिवारी म्हणाला. "आता खालून पाण्याचा फवारा मारू. आत येतं का बघू."

"खालून?" गच्चीवाला हसला. "गच्ची कुणी खालून तपासतं का?"

गच्ची भरून तपासतात. सगळीकडे चार बोटं पाणी उभं करायचं आणि बघत बसायचं. सगळीकडे म्हणजे सगळ्यांत उंच जागीसुद्धा.

पाणी: चार बोटं, पण फक्त कडेला

मोटारीच्या मधोमध एक लांबट उंचवटा असतो, झोपलेल्या म्हशीच्या पाठीसारखा. रविवारी सकाळी तो काही केल्या बुडेना. आणखी पाणी सोडावं तर ते दाराच्या उंबऱ्यावरून बाहेर. म्हणजे दारं सील करणं आलं. तीही आतून, कारण पाण्याचा दाब आतून. शिवाय बुडबुडे कुठून येतात ते बघायला आत माणूस हवाच.

तुम्ही म्हणाल, इथे कुणीही थांबलं असतं. तुमचा धंदा वेगळा आहे.

सीटा काढलेल्या होत्या. तो उलट्या डब्यावर बसला. काचा वर होत्या, त्या फिरवायचे दांडे कधीच मोडून हरवलेले. एक काच तेवढी दोन बोटं उघडी, तिच्यातून पाइप आत घेतलेला. सीलर अर्ध्या तासात वाळला.

"सोड गं," त्याने आतून सांगितलं. बायकोने नळ सोडला.

पाणी: चार बोटं, सगळीकडे

दहाला सासरे आले. मागे मेहुणा, त्याच्या मागे भंगारवाला. गच्चीवाला गुडघाभर पाण्यात, डब्यावर, अत्यंत समाधानी.

"हे काय?" सासऱ्यांनी विचारलं.

"थेंब गळत नाहीये, बाबा. खाली वाकून बघा."

मेहुणा गाडीखाली जाऊन आला. "खरंच कोरडं आहे. भावजी, पण पाणी काढायची ती चार भोकं कुठायत? बूच असतं ना त्यांना."

"बुजवली."

"बरं. मग दार उघडून बाहेर या."

"तेही बुजवलं."

मेहुण्याने जरा विचार केला. "ड्रिल आणतो. तळाला एकच भोक..."

"भोक पडलं की गाडी ट्रकवर," सासरे म्हणाले. "बोललो ते बोललो."

भंगारवाल्याने ट्रकचं मागचं फळकूट खाली केलं.

"ड्रिल नको," गच्चीवाला घाईने म्हणाला. "मी बसतो आत."

"किती वेळ?" बायकोने विचारलं.

"गच्चीला आम्ही आठ दिवस देतो."

"अहो, त्या फटीतून तुम्हाला जेवण काय पापडासारखं सरकवू?"

सासरे गाडीभोवती एक फेरी मारून आले आणि दारापाशी वाकले. "दाराबद्दल मी काही बोललेलो नाही. सीलर काप आणि ये बाहेर."

आपल्याच हातचं काम कापताना गच्चीवाल्याचा जीव तुटत होता. वरून कापलं, कडेने कापलं, खाली पाती लावली मात्र, आणि उरलेलं काम पाण्याने केलं. दार सुटलं. पाणी सुटलं. पाण्याबरोबर डबा, डब्यावरचा जावई, आणि समोर वाकलेले सासरे.

पाणी: उंबऱ्याइतकं

सासरे उठले. चष्मा शोधला, पुसला, घातला. गाडीत डोकावले. उंबऱ्याखालचं पाणी तसंच उभं होतं, आरशासारखं.

"गाडी राहील," ते म्हणाले. मग त्यांनी चिखलात पसरलेल्या जावयाकडे बोट केलं आणि भंगारवाल्याला सांगितलं, "रिकामा कशाला जातोस? हा घेऊन जा."

भंगारवाल्याने गच्चीवाल्याला डोक्यापासून पायापर्यंत नीट पाहिलं आणि फळकूट वर करून कडी लावली.

"ओला माल आम्ही घेत नाही, साहेब."