आग्रहमुक्त हॉटेल

एका जंगलात, मुलांनो, भालबा अस्वलाची खानावळ होती. भिंतींना रंग दिल्यापासून तो तिला हॉटेल म्हणायचा.

तिथे ठमाकाकू हत्तीण वाढायची. त्या जंगलाची रीत अशी, की पाहुण्याने आधी ‘नको’ म्हणायचं आणि वाढणाऱ्याने ते ऐकायचं नाही. नको नको म्हणत पाहुणा पान पुढे सरकवायचा. काकू सोंडेने वाढत राहायची आणि सगळे तट्ट जेवायचे.

एकदा भालबा शहराच्या वेशीवर फिरून आला. आल्या आल्या त्याने टेबलाटेबलावर स्क्रीन बसवल्या.

“काकू, आता तुम्ही आराम करा,” तो म्हणाला. काकू समोरच्या वडाखाली जाऊन बसली. तिला फार वाईट वाटलं.

स्क्रीन विचारायची, ‘भात वाढू का?’ हरणाने रीतीप्रमाणे ‘नको’ दाबलं. स्क्रीन म्हणाली, ‘आभारी आहोत.’ हरीण रिकामं पान पुढे सरकवून बराच वेळ बसलं आणि उपाशीच उठलं. जाताना भिडेखातर पाच तारे देऊन गेलं.

तारे बघून भालबा खूश व्हायचा. गिऱ्हाईक का आटलंय, हे काही त्याच्या टाळक्यात शिरेना.

अशात वाघोबा जेवायला आले. श्रावण पाळत होते, म्हणून वरणभातावर आले होते. राजा तृप्त झाला तर हॉटेल पुन्हा भरणार होतं. न झाला तर काय, ते तुम्ही ओळखालच.

वाघोबा रीतीला पक्के. भात नको, पोळी नको, खीरही नको. स्क्रीनने दर वेळी आभार मानले. मग वाघोबांनी भालबाकडे जरा निरखून पाहिलं.

भालबा धावत वडाखाली गेला. “काकू, चुकलं माझं. वाढायला चला.”

काकूचे डोळे भरून आले. ती उठलीसुद्धा. पण रीत ती रीत. “नको रे बाबा, आता माझं काय काम तिथे?”

“बरं, आभारी आहे,” म्हणून भालबा मागे फिरला. तो पुन्हा विचारेल म्हणून काकू उभीच राहिली.

भालबा आत आला आणि त्याने हात जोडले. “महाराज, काय वाढू?”

“काही नको,” वाघोबा म्हणाले. आणि आग्रहाची वाट न बघता त्यांनी भालबालाच खाल्लं.

तात्पर्य: हॉटेलात यंत्र जरूर बसवावं. पाहुणा कितीही उपाशी राहिला, तरी यंत्राला कोणी खात नाही.